रविवारचं टपाल

मॅडम, रविवारी मेल कोण पाठवतं, असं तुम्ही मला विचारलं होतं. मी तुमच्या टेबलासमोर आवक रजिस्टर घेऊन उभी होते. तुम्ही सह्या करत होता. "मॅडम, रविवारचे मेल आपल्या कॉम्प्युटरवर येऊनच नाही राह्यले," असं मी म्हटलं, त्यावर मान वर न करता तुम्ही हा प्रश्न विचारलात. मी म्हटलं, "मले काय माहीत, पण सोमवारी पाहाव तं शनिवार दुपारनंतरचं काहीच नसते." तुम्ही म्हणालात, "नसेल आलं तर नसेल. सरकारलाही सुट्टी असते, सुजाता." आणि पुढची सही केलीत.

तुम्हाला जाऊन आज सतरा दिवस झाले. शाळेत शोकसभा झाली. नव्या सरांनी तुमची सेवा किती वर्षांची, निकाल कसे लागले, कोणते उपक्रम राबवले, ते कागदावरून वाचून दाखवलं. सगळं खरं होतं. मग मला म्हणाले, तायडे मॅडम, तुम्ही त्यांच्या हाताखाली सगळ्यात जास्त दिवस काम केलंत, दोन शब्द बोला. मी उठले नाही. मला जे बोलायचं होतं ते मांडवात बोलण्यासारखं नव्हतं. म्हणून लिहिते आहे, आणि तुमच्या भाषेत लिहिते आहे, कारण तुमच्या हातात द्यायचा कागद मी माझ्या भाषेत कधी लिहिलाच नाही. समोर असता तर माझ्या भाषेत बोलले असते.

तुम्ही पुण्याच्या. लग्न होऊन चिखलीत आलात, तीस वर्षं तिथे राहिलात, रोज सकाळच्या एसटीने अमडापूरच्या शाळेत आलात, पण 'मला'चं 'मले' तुमच्या तोंडून एकदाही निघालं नाही. मी इथलीच. कनिष्ठ लिपिक म्हणून रुजू झाले त्या दिवशी तुम्ही मला एक साधं पत्र लिहायला दिलंत. ते परत आलं तेव्हा त्यावर लाल पेनाची इतकी वर्तुळं होती की माझी शाई शोधावी लागत होती. "पुन्हा लिही." मी चारदा लिहिलं. चौथ्यांदा तुम्ही सही केलीत आणि म्हणालात, "आता हे कुठेही जाऊ शकतं." मी घरी जाऊन आईला म्हटलं, "बाई लय खडूस हाय." आई म्हणाली, "शिकोते तं शीक."

दुसऱ्या आठवड्यात तुम्ही तुमचा डबा घेऊन माझ्या टेबलाशी येऊन बसलात. तुमच्या आधीचे मुख्याध्यापक म्हणे आपल्या खोलीत दार लोटून जेवायचे. तुम्ही माझ्या डब्यातली जवसाची चटणी उचललीत, विचारलंही नाहीत. तुम्हाला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, आणि तरी म्हणालात, "उद्या जरा जास्त आण." याबद्दल तुम्ही कधी काही बोलला नाहीत, मीही नाही. आमच्या घरात मात्र त्यावर बरंच बोलणं झालं होतं. आईने दुसऱ्या दिवशी चटणीचा वेगळा डबा भरून दिला.

शाळेला मेल तेव्हा नवा होता. पत्ता एकच, आणि तो उघडायला तीन कॉम्प्युटर: एक ऑफिसात माझ्या टेबलावर, एक वरच्या मजल्यावर संगणक कक्षात, आणि एक तुमच्या चिखलीच्या घरी. अमडापूरचं नेट आलं तर आलं, नाहीतर दिवसभर नाही. म्हणून तिन्हीकडे असा प्रोग्रॅम बसवला होता की नेट असेल तेव्हा तो सगळे मेल उतरवून ठेवी आणि मग नेट नसलं तरी ते वाचता येत. तुमच्या घरचा प्रोग्रॅम अनिकेतने बसवून दिला होता. पुण्याला शिकायला निघालेला तुमचा मुलगा, बॅग भरता भरता त्याने ते काम उरकलं होतं.

घोळ असा की एका कॉम्प्युटरवर काय केलं ते दुसऱ्यावर दिसत नसे. तुम्ही घरून उत्तर पाठवायचात, ते मला कळायचं नाही, मग मीही पाठवायची. एकदा तालुक्याहून फोन आला, "बाई, तुमची पटसंख्या नेमकी किती? काल एक आली, आज दुसरी." तुम्ही फोन ठेवलात, थोडा वेळ गंभीर बसलात आणि मग हसू लागलात ते थांबेचना. त्यावर तुमचा उपाय म्हणजे एक जाड वही. कोणी कोणता मेल वाचला, कशाला उत्तर दिलं, सगळं त्यात लिहायचं. माझं म्हणणं, मशीनच नीट लावून घेऊ.

"मॅडम, चिखलीहून माणूस बोलावू. तिन्हीकडे सारखंच दिसलं पाह्यजे. अर्ध्या घंट्याचं काम हाय."

"वही कधी बंद पडत नाही, सुजाता."

"वही घरी राह्यली तं?"

"मी विसरत नाही."

तुम्ही विसरायचात. वही चिखलीला आणि तुम्ही अमडापूरला, असं महिन्यातून दोनदा तरी व्हायचं. तीन वर्षं आपण हा वाद घातला, कधी चिडून, बहुतेक वेळा जेवताना, आणि दोघींपैकी कोणीच मागे हटलं नाही.

मग ती यादी आली. म्हणजे आली नाही.

बारावीच्या परीक्षेआधी सगळ्या विद्यार्थ्यांच्या नावांची यादी बोर्डाकडून शाळेकडे तपासायला येते. तपासून आठ दिवसांत दुरुस्त्या कळवायच्या असतात. त्या वर्षी ती मेलवर येणार होती. मी रोज पाहत होते. एके दिवशी दुसऱ्या शाळेतल्या लिपिकाने फोनवर सहज विचारलं, "तुमच्या दुरुस्त्या गेल्या काय?" तेव्हा कळलं की यादी येऊन, मुदत संपून आठवडा झाला. आपल्याकडून काही गेलं नाही, म्हणजे आपल्याला काही सुधारायचं नाही असं धरून पुढचं काम सुरूही झालं होतं.

त्या यादीत एक चूक होती. पल्लवी सुरडकर या मुलीच्या वडिलांचं नाव रामेश्वर, ते रमेश असं पडलं होतं. पल्लवी वर्गात पहिल्या तिनात असायची, तिला नर्स व्हायचं होतं. निकाल चांगला लागला. प्रवेशाच्या वेळी गुणपत्रिकेवर रमेश आणि जातीच्या दाखल्यावर रामेश्वर. दुरुस्ती करून आणा म्हणाले. तुम्ही पत्र दिलंत, मी ते घेऊन दोनदा अमरावतीला बोर्डाच्या ऑफिसात गेले. दुरुस्ती झाली, पण तोवर जागा भरल्या होत्या. तिचे वडील एक वर्ष थांबायला तयार नव्हते. दिवाळीनंतर तिचं लग्न वडनेर भोलजीला लावून दिलं.

लग्नाच्या आधी रामेश्वरभाऊ ऑफिसात आले होते, ते तुम्हाला आठवत असेल. सगळा स्टाफ दारात जमला होता.

"बाई, तुमच्या कॉम्प्युटरच्या पायी माह्या पोरीचं वाटोळं झालं," ते मला म्हणाले.

"भाऊ, मेल आलाच नाही आपल्याकडे."

"मंग बाकीच्या शाळाइत कसा आला?"

तुम्ही तुमच्या खोलीच्या दारात उभ्या होता. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर लिफाफा आला. श्रीमती सुजाता तायडे, कनिष्ठ लिपिक, आपणांविरुद्ध कारवाई का करू नये याचा खुलासा करावा. मी एका ओळीत उत्तर दिलं: सदर मेल कार्यालयाच्या संगणकावर प्राप्त झालेला नाही. तुम्ही ते वाचलंत. या वेळी लाल पेन उचललं नाहीत.

"मग गेला कुठे?"

"मले काय माहीत."

"माहीत असायला हवं. तुझं काम आहे ते."

माझ्या सेवापुस्तकात ताकीद लिहिली गेली, कर्तव्यात कसूर अशा शब्दांत. त्याआधी संस्थेची बैठक झाली, तेव्हा मी बाहेर बाकावर बसले होते. आतून एका सदस्याचा आवाज आला, "कोट्यातली भरती. दुसरं काय होणार?" आणि मग तुमचा आवाज आला. "चूक कामात झाली आहे. तुम्ही भरतीवर जाणार असाल तर मी ही चौकशी इथेच थांबवते." बैठक संपल्यावर तुम्ही माझ्यासमोरून निघून गेलात, माझ्याकडे न पाहता.

त्या दिवसानंतर मला तुमच्यावर धड रागावताही येईना. माझ्यावर ठपका ठेवणाऱ्याही तुम्हीच, आणि आत माझ्यासाठी उभं राहणाऱ्याही तुम्हीच. आपण डबे वेगवेगळे खाऊ लागलो. मी चटणी आणणं बंद केलं.

पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही म्हणालात, "घरचा कॉम्प्युटर फार हळू चालतोय. एकदा येऊन बघशील का?" इतक्या महिन्यांत तुम्ही मला कामाशिवाय पहिल्यांदाच काही विचारलं होतं. मी चिखलीला आले. तुम्ही मला खुर्चीवर बसवलंत आणि पोहे करायला आत गेलात. मी मेलचा प्रोग्रॅम उघडला. शेकडो जाहिराती साचल्या होत्या. त्या काढत काढत खाली गेले आणि त्यांच्या मध्ये मला ती यादी दिसली. ठळक अक्षरांत होती, म्हणजे कोणी उघडलीच नव्हती. तारीख पाहिली. वार रविवार.

मग मी सेटिंग पाहिली. 'सर्व्हरवर प्रत ठेवा' याच्या पुढे टिक नव्हती. तुम्ही रविवारी कॉम्प्युटर सुरू केलात की शनिवार दुपारपासून आलेलं सगळं टपाल तो आपल्याकडे उतरवून घ्यायचा आणि मूळ ठिकाणाहून काढून टाकायचा. सोमवारी मी पाहायची तेव्हा तिथे काही उरलेलंच नसायचं. तुम्ही लपवलं नव्हतं, वाचूनही सोडलं नव्हतं. तुम्हाला ते दिसलंच नव्हतं.

आतून तुम्ही विचारलंत, "तिखट चालेल ना तुला? काय विचारते मी, तेही तुला." आणि स्वतःशीच हसलात. मी "मॅडम" म्हणून हाक मारली. तुम्ही हात पुसत दारात आलात. "काय ग?" तुमचा चेहरा इतका मोकळा मी त्या वर्षात पाहिला नव्हता.

मी म्हटलं, "पाणी पाह्यजे होतं."

पोहे खाल्ले. दोन तास बसून मी मांडणी बदलली. आता टपाल एकाच ठिकाणी राहणार होतं आणि तिन्ही कॉम्प्युटर तेच दाखवणार होते. तो जुना मेल मी जिथे होता तिथेच ठेवला, उघडला नाही की काढला नाही. तुम्ही विचारलंत, "काय झालं होतं?" मी म्हटलं, "काही नाही, एक टिक राह्यली होती. आता समदीकडे एकच दिसन." तुम्ही म्हणालात, "म्हणजे शेवटी तुझंच खरं." आणि ती वही तुम्ही रद्दीत घातलीत.

का गप्प राहिले, ते आता सांगते. सुरुवातीला मला तुमची दया आली होती. पण ती फार टिकली नाही. नंतर मला ते बरं वाटायला लागलं. तुम्ही माझं पत्र लाल करून परत दिलंत की मी मनात म्हणायची, मले माहीत हाय तुमचं. तुम्हाला ठाऊक नसलेली एक गोष्ट माझ्याजवळ होती आणि ती मला सोडवत नव्हती. आणखी एक कारण होतं. बोर्डाकडे माहिती भरताना 'रमेश' हे माझ्याच हातून टाइप झालं होतं. यादी वेळेवर मिळाली असती तर मी ते पकडलं असतं, मी एकेका नावावर बोट ठेवून वाचायची. पण चूक मुळात माझी. त्या गोंधळात सगळे मेलच्या मागे लागले, नाव कोणी चुकवलं ते कोणी विचारलंच नाही. तुमचं बाहेर काढलं असतं तर माझंही निघालं असतं.

पुढची वर्षं चांगली गेली, हेही खरं आहे. वाद नवे झाले. आता तुम्ही घरी वाचलेला मेल माझ्याकडे वाचलेला दिसायचा आणि माझ्या नजरेतून सुटायचा. तुम्ही जाहिराती समजून काही काढून टाकलंत की ऑफिसातूनही ते जायचं. "मॅडम, तुम्ही घरी झाडू मारता आन् शाळेतले कागद जातेत." मग आपण नियम केला, वाचून काम बाकी असेल तर तो मेल पुन्हा न वाचलेला करून ठेवायचा आणि त्याला पिवळा तारा लावायचा. तुम्ही तो नियम माझ्यापेक्षा जास्त पाळलात. चटणीही पुन्हा सुरू झाली.

निवृत्तीच्या महिनाभर आधी तुम्ही माझं सेवापुस्तक मागवलंत आणि त्यात स्वतःच्या हाताने लिहिलंत: संबंधित लिपिकाचा दोष आढळून आला नाही, सबब ताकीद रद्द करण्यात येत आहे. पुस्तक माझ्याकडे सरकवलंत आणि खिडकीबाहेर पाहत बसलात. "नीट वाच. ऱ्हस्व-दीर्घ तपास." मी वाचलं. म्हटलं, "बरोबर हाय, मॅडम." काऊन रद्द केलं, हे मी विचारायला हवं होतं. तुम्ही वाट पाहत होता की नाही, ते मला माहीत नाही. मी पुस्तक बंद करून कपाटात ठेवलं.

तुम्ही निवृत्त झालात, नवे सर आले, पण तुमच्या फोनवर शाळेचा मेल तसाच राहिला. मी पासवर्ड बदलायला हवा होता. बदलला नाही. सकाळी दहाला ऑफिस उघडलं की रोजचे मेल वाचलेले असायचे. महत्त्वाचं पत्र असलं की त्यावर तारा असायचा. सरांनी एकदा विचारलं, "हे मेल आधीच कोण उघडतं?" मी म्हटलं, "वर संगणक कक्षात उघडले असतीन, सर." तुम्ही उठलात, चहा घेतलात, चष्मा लावलात, हे सगळं मला त्या मेलवरून कळायचं. फोन आपण क्वचितच करायचो. गरज वाटायची नाही.

गेल्या पावसाळ्यात तारे यायचे थांबले. तीन दिवस मेल तसेच पडून राहिले, तेव्हा मी फोन केला. अनिकेतच्या बायकोने उचलला. म्हणाली, "आईंना बरं नाहीये, त्याच तुमची आठवण काढत होत्या."

मी आले तेव्हा तुम्ही पलंगावर उशीला टेकून बसल्या होता. बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. तुम्ही लगेच कामाचं बोललात. "माझ्या फोनवरून, टॅबवरून, त्या जुन्या कॉम्प्युटरवरून शाळेचा मेल काढून टाक. हे बरोबर नाही. कधीच बरोबर नव्हतं." मी फोनवरून काढला, टॅबवरून काढला. मग जुन्या कॉम्प्युटरसमोर बसले. तुम्ही मागून म्हणालात,

"सुजाता, त्या उन्हाळ्यात तू इथेच बसली होतीस. काय दिसलं होतं तुला?"

माझी पाठ तुमच्याकडे होती. ते मला बरं वाटलं. "काही नाही, मॅडम. टिक राह्यली होती."

"एवढंच?"

"हो."

तुम्ही म्हणालात, "बरं."

परतीच्या बसमध्ये मी स्वतःला समजावलं, आजारी माणसाले आता कायले त्रास द्या. अमडापूर येईपर्यंत मला ते पटलंही होतं. तुम्ही विचारत होता म्हणजे तुम्हाला काही सांगायचं होतं, हे माझ्या डोक्यात आलं नाही. आलं असेल तर मी ते बाजूला ठेवलं. तुम्ही माझ्यासमोर चूक कबूल करायला निघाला होता आणि मी तुम्हाला ती करू दिली नाही. गेले सतरा दिवस मी याच जागी अडकले आहे.

चार दिवसांपूर्वी पल्लवी आली. मी ओळखलं नाही. अंगावर आरोग्य खात्याच्या आशाताईंची साडी, खांद्याला पिशवी. म्हणाली, "ताई, म्या सुरडकरची पल्लवी. माहेरी आली होती, आता वापस निंगाली, तं म्हटलं तुमाले भेटून जाव." वडनेरला ती आता घरोघरी फिरून गरोदर बायांना तपासणीला नेते, बाळांच्या लशींचं पाहते. तिला एक मुलगी आहे. मी चहा मागवला.

तीच म्हणाली, "मॅडम गेल्या न, म्हणून आली. त्या माह्या घरी आल्या होत्या."

"कोठी? वडनेरले?"

"हाव. खामगावले गाडी बदलून, एकट्याच. आशाताईचं घर कोणतं म्हणून गावात इचारत आल्या. दारात आल्या तं घामाघूम. म्या म्हटलं मॅडम, बसा, पाणी घ्या. त्याइनं पाणीबी नाही घेतलं पह्यले."

मी तारीख विचारली. मी तुमच्याकडे येऊन गेले त्यानंतर दहा-बारा दिवसांनी. अनिकेतला तुम्ही देवाला जाऊन येते म्हणून सांगितलं होतं, हे मला नंतर कळलं.

पल्लवीने मला तुमचं बोलणं तुमच्याच भाषेत सांगितलं, शब्द न शब्द तिच्या लक्षात होता. "तुझं वर्ष माझ्यामुळे गेलं. तो मेल माझ्या घरी आला होता, मला दिसला नाही. माझ्या रिटायरमेंटच्या आधी जुने मेल काढताना सापडला. तेव्हाच यायला हवं होतं, माझा धीर झाला नाही. सुजाताचा काही दोष नव्हता, एवढं तुझ्या घरच्यांना सांग."

"तू काय म्हटलं?" मी विचारलं.

"काय म्हणू? म्या रडली. त्याबी रडल्या. मंग म्या इचारलं, सुजाताताईले हे माहीत हाय काय? तं म्हणे, तिला माझ्या आधीपासून माहीत आहे. पण विचारलं तर ती सांगणार नाही."

चहा आला. आम्ही दोघींनी तो गार होऊ दिला. तुम्हाला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हेही माहीत होतं. त्या दिवशी माझ्या पाठीमागे बसून तुम्ही माझं खोटं ऐकलंत, ते समजून घेतलंत, आणि मग दोन गाड्यांचा प्रवास करून जिथे खरं सांगायला हवं होतं तिथे जाऊन सांगितलंत. फक्त तुमचं. माझं काही सांगितलं नाहीत. पल्लवीच्या वडिलांनी भरलेला परीक्षेचा फॉर्म तुम्ही दुरुस्तीचं पत्र देताना पाहिला होता, त्यावर काय लिहिलं होतं ते तुम्हाला नक्की ठाऊक असणार.

मी म्हटलं, "पल्लवी, मॅडमनं एक गोष्ट तुले नाही सांगतली. ते रमेश म्या टाइप केलं होतं. माह्या हातून चुकलं."

तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, ती उठून जाईल. ती म्हणाली, "म्हंजे बापानं फॉर्मवर बरोबर लिहून देलं होतं?"

"रामेश्वरच लिहिलं होतं."

"तो तसंच म्हणे. म्या म्हटलं, तू खोटं बोलतं. गावात समदे त्याले रमेशच म्हणतेत, मले वाटलं यानंच तसं लिहून देलं." तिने कप बाजूला सरकवला. "लग्नात म्या त्याच्याशी बोलली नाही, ताई. अजूनबी धड नाही बोलत. माय हाय म्हणून माहेरी येते आन् जाते."

रामेश्वरभाऊ त्या दिवशी ऑफिसात माझ्यावर का ओरडत होते, ते मला तेव्हा समजलं. घरात त्यांचं कोणी ऐकत नव्हतं.

मी कपाट उघडलं. त्या वर्षीच्या फॉर्मचा गठ्ठा खालच्या खणात होता. धूळ झटकली, सुतळी सोडली, तिचा फॉर्म काढून तिच्यापुढे ठेवला. वडिलांचे नाव, त्यापुढे निळ्या पेनाने, एकेक अक्षर वेगळं काढून, रामेश्वर. 'श्व' दोनदा गिरवलेला. चुकू नये म्हणून गिरवला असणार. पल्लवी त्या अक्षरांवरून बोट फिरवत बसली.

"याची झेराक्स भेटन काय, ताई?"

मी काढून दिली. तिने तो कागद पिशवीत न ठेवता हातातच धरला. दारात वळून म्हणाली, "तुमच्यावर मले राग यायला पाह्यजे न? पाहू, घरी गेल्यावर येते काय तं." आणि गेली.

मॅडम, मलाही तुमच्यावर राग होता. खूप वर्षं होता, चांगल्या दिवसांतही होता, आणि मी तो तुम्हाला कधी दिसू दिला नाही. तुम्ही मला रागावू दिलं असतंत, ऐकून घेतलं असतंत, हे मला आता कळतं. तुम्ही माझ्याकडे माफी मागायला निघाला होता. मलाही तुमच्याकडे मागायची होती. तेवढं राहिलं. पण पल्लवीसमोर मी बोलले ते तुमच्यामुळे बोलले, हे तुम्हाला सांगायचं होतं.

त्या दिवशी पल्लवी निघाल्यावर मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. वडनेरची गाडी धरायची तर फाटकातून डावीकडे वळावं लागतं. पल्लवी उजवीकडे वळली, तिच्या वडिलांच्या घराकडे, आणि जरा भराभर चालू लागली.